आपला अकीदा, त्यांची ईशनिंदा

(युवकांच्या अभ्यास शिबिरात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळच्या सत्रात तुमच्यापैकी कुणीतरी एक चिठ्ठी पाठवली होती. ती मी खिशात जपून ठेवली आहे. तिच्यात लिहिलंय, "सर, धर्माची टिंगल करणाऱ्यांसाठी कडक कायदा आला तर सगळ्यात जास्त फायदा आपलाच होईल ना?" खाली नाव नाही, आणि ते मला शोधायचंही नाही. हा प्रश्न एकट्याचा नाहीच. विशीत असताना मीसुद्धा हेच म्हणायचो आणि तुमच्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणायचो.

आज या चिठ्ठीला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. पण आपल्या घरातली उदाहरणं मी जरा उशिरा घेणार आहे. आधी शेजारच्या घरात जाऊ, ख्रिस्ती धर्माच्या घरात. दुसऱ्याच्या घरचं भांडण माणसाला शांतपणे बघता येतं. आपल्या घरचं म्हटलं की आवाज चढतो.

सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो. मी ज्या ज्युनिअर कॉलेजात शिकवायचो तिथे गणिताच्या एक मॅडम होत्या. वसईच्या, कॅथलिक. घरातली भाषा त्यांच्या गावाकडची मराठी. नाताळच्या आदल्या आठवड्यात त्यांनी स्टाफरूममध्ये घरचा केक आणला होता. केक खाता खाता मी म्हणालो, "मॅडम, तुमच्याकडे पिता, पुत्र, पवित्र आत्मा असे तीन, आणि बेरीज एक. हा हिशेब बोर्डाच्या पेपरात लिहिला तर किती मार्क मिळतील?" सगळे हसले. मीही माझ्याच विनोदावर हसलो. मॅडमनी केकचा डबा बंद केला, हजेरीपट उचलला आणि तासाला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "सर, आमचे फादर रविवारी याच्यापेक्षा भारी विनोद सांगतात. पण ते आमच्यातले आहेत." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि तुमचा विनोद सोडा. येशू क्रुसावर गेलाच नाही असं तुमचा धर्म म्हणतो, हे मला माहीत आहे. माझ्यासाठी ते त्या विनोदापेक्षा मोठं आहे. त्यासाठी मी तुमच्यावर केस करू का?"

मी गप्प बसलो. त्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. आजचं माझं सगळं बोलणं म्हणजे त्यांना उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की हजरत ईसा अलैहिस्सलाम हे अल्लाहचे थोर पैगंबर आहेत. कुरआनात मरियमच्या नावाची एक अख्खी सूरह आहे. ईसांचा जन्म पित्याशिवाय झाला हे आपण मानतो, त्यांना मसीह म्हणतो. म्हणून आपल्याला वाटतं, आपण तर त्यांचा आदरच करतो, ख्रिस्ती माणसाला आपल्याकडून दुखायचं कारण काय? पण ख्रिस्ती माणसाच्या जागी उभं राहून बघा. त्याच्या धर्माचा कणाच असा आहे की येशू हा देवाचा पुत्र, तो क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. आपण म्हणतो, तो देवाचा पुत्र नव्हता आणि त्याला क्रुसावर मारण्यात आलंच नाही. आपण हे आदरानं म्हणतो, अदबीनं म्हणतो. तरी कणा नाकारतोच. एका घरात जो अकीदा आहे तो शेजारच्या घरात कुफ्र ठरतो. आणि हे दोन्ही बाजूंनी खरं आहे. येशूला देवाचा पुत्र म्हणणं आपल्या दृष्टीनं शिर्क आहे, पण ख्रिस्ती माणूस रोज सकाळी नेमकं तेच म्हणून प्रार्थना करतो.

आता प्रश्न असा, की हे भांडण पोलीस चौकीत नेलं तर काय होतं? काही देशांनी ते करून बघितलंय. इंग्लंड-स्कॉटलंडचा इतिहास आपल्यासाठी फार शिकण्यासारखा आहे.

१६९६ साली एडिंबरा विद्यापीठात थॉमस एकनहेड नावाचा विद्यार्थी होता. वय वीस. म्हणजे या खोलीत बसलेल्या बऱ्याच जणांएवढा. मित्रांमध्ये बसून धर्मावर वाट्टेल ते बोलायचा. त्याची एक गोष्ट सांगतात. एका थंडीच्या रात्री मित्रांबरोबर चर्चवरून जाताना तो म्हणाला, नरकात बरी ऊब मिळाली असती. हा काय फार मोठा विनोद नाही. हॉस्टेलवर यापेक्षा वाईट विनोद रोज होतात. पण त्याच्यावर ईशनिंदेचा खटला झाला आणि साक्षी दिल्या त्याच्याच मित्रांनी. आरोप काय होते? त्याने त्रैक्याची, म्हणजे त्या तीन-मिळून-एक तत्त्वाची टर उडवली. देव माणूस होऊन आला, यावर तो हसला. आणि नीट ऐका, त्याने येशूपेक्षा मुहंमदांना वरचढ म्हटलं. हेसुद्धा त्याच्या आरोपपत्रात होतं.

त्याने दयेचा अर्ज केला, पश्चात्ताप केला. उपयोग झाला नाही. ८ जानेवारी १६९७ रोजी त्याला फाशी दिलं. ब्रिटनमध्ये ईशनिंदेसाठी फाशी गेलेला तो शेवटचा माणूस.

मित्रांनो, मी स्टाफरूममध्ये केक खाताना त्रैक्यावर जे बोललो तेच त्याच्या आरोपपत्रात होतं. फरक इतकाच की माझ्यासमोर मॅडम होत्या आणि त्याच्यासमोर कायदा होता.

त्याच सुमारास इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा केला, की ख्रिस्ती म्हणून वाढलेल्या माणसाने त्रैक्य नाकारलं तर पहिल्या वेळी सरकारी पदं बंद आणि दुसऱ्या वेळी तीन वर्षं तुरुंग. त्रैक्य नाकारणाऱ्यांना या कायद्यातून सूट मिळायला १८१३ साल उजाडलं. म्हणजे तौहीद, देव एकच आहे आणि त्याला भागीदार नाही, हे एखाद्या इंग्रजाने उघड म्हणणं शंभरहून जास्त वर्षं गुन्हा होता.

आता एक मराठी बाई इथे येते. पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे वॉन्टेज या गावी, जोगिणींच्या मठात राहत असताना, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याला वाटेल, धर्म बदलला म्हणजे मठाने सांगितलं ते सगळं त्यांनी मुकाट मान्य केलं असेल. तसं झालं नाही. त्रैक्याचं तत्त्व त्यांना पटेना. चर्चने सांगितलं म्हणून मानायचं हे तर मुळीच पटेना. मी माझ्या बुद्धीनं वाचीन आणि ठरवीन, हा त्यांचा बाणा. मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि रमाबाई यांच्यातला पत्रव्यवहार छापलेला आहे. त्यात सिस्टर दुखावतात, रागावतात, समजावतात. रमाबाई तितक्याच ठामपणे उलट उत्तर देतात. फाशी नाही, तुरुंग नाही. पत्राला पत्र. पुढे याच रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. एडिंबऱ्यात दोनशे वर्षांपूर्वी शंका घेणारा पोरगा फासावर गेला होता. इथे शंका घेणारी बाई बायबलची भाषांतरकार झाली. धर्माला कोणता मार्ग मानवला, तुम्हीच सांगा.

पण कायदा संपला नव्हता. १९२१ साली जॉन विल्यम गॉट नावाच्या माणसाला नऊ महिन्यांची सक्तमजुरी झाली. का? त्याने एका पत्रकात येशूच्या जेरुसलेम प्रवेशाची तुलना दोन गाढवांवर बसलेल्या सर्कशीतल्या विदूषकाशी केली. आता यातली गंमत बघा. दोन गाढवं त्याने मनाने आणलेली नव्हती. मत्तयच्या शुभवर्तमानात गाढवी आणि शिंगरू अशी दोन जनावरं आहेत. मार्क आणि लूक यांच्याकडे एकच आहे. बायबलचे अभ्यासक यावर आजही चर्चा करतात. म्हणजे गॉटचा विनोद पाठभेदावर उभा होता. त्याची भाषा असभ्य होती, ते मान्य. पण आजारी माणूस तुरुंगात गेला आणि सुटल्यावर लवकरच मेला. त्यामुळे येशूचा मान वाढला का?

आता चिठ्ठीवाल्या मित्राने कान द्यावा, कारण आपल्याविषयीचा मुद्दा इथे येतो. हा कायदा कुणाचं रक्षण करत होता? १८३८ मध्ये गॅदरकोल नावाच्या खटल्यात न्यायाधीशाने ते स्पष्ट करून टाकलं होतं. देशाच्या अधिकृत चर्चवर हल्ला केला तर ईशनिंदा. यहुदी धर्मावर, इस्लामवर किंवा ख्रिस्ती धर्मातल्याच दुसऱ्या पंथावर केला तर नाही. इस्लामचं नाव तिथे घेतलेलं आहे. कॅथलिकसुद्धा बाहेर! राज्य ज्याचं, ईशनिंदा त्याची.

दीडशे वर्षांनी याची किंमत मुसलमानांना कळली. सप्टेंबर १९८८ मध्ये 'सॅटॅनिक व्हर्सेस' छापली गेली. ब्रिटनमधल्या मुस्लिमांनी त्याच जुन्या ईशनिंदा कायद्याखाली खटला भरायचा प्रयत्न केला. १९९० मध्ये न्यायालयाने सांगितलं की हा कायदा फक्त ख्रिस्ती धर्मासाठी आहे आणि तो वाढवणं आमचं काम नाही. मग ब्रिटनपुढे दोन वाटा होत्या. कायदा सगळ्या धर्मांना लावायचा किंवा काढून टाकायचा. सगळ्यांना लावला असता तर काय झालं असतं, ते मॅडमनी मला आधीच सांगून ठेवलंय. मशिदीत ईसांबद्दल जे सांगितलं जातं त्यावर चर्चने तक्रार करायची आणि चर्चमध्ये जे सांगितलं जातं त्यावर मशिदीने. दोघांचेही इमाम-फादर कोर्टाच्या पायऱ्यांवर. अखेर २००८ मध्ये इंग्लंडने तो कायदा रद्द केला.

आता जरा हसू. १९७९ मध्ये 'लाइफ ऑफ ब्रायन' नावाचा इंग्रजी सिनेमा आला. मॉन्टी पायथन नावाच्या विनोदी मंडळींनी काढलेला. चित्रीकरण झालं ट्युनिशियात, म्हणजे मुस्लिम देशात, आणि गर्दीत दिसतात ते तिथलेच स्थानिक लोक. पैसे देणाऱ्या कंपनीने पटकथा वाचून ऐन वेळी अंग काढलं, तेव्हा बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनने घर गहाण टाकून पैसे उभे केले.

गोष्ट अशी. ब्रायन नावाचा पोरगा येशूच्याच दिवशी, शेजारच्या गोठ्यात जन्मतो. मोठेपणी लोक त्यालाच मसीहा समजून मागे लागतात. तो ओरडून सांगतो, मी कुणी नाही, घरी जा. कुणी ऐकत नाही. सिनेमात खरा येशू एकदाच नीट दिसतो, डोंगरावर प्रवचन देताना, आणि त्याची अजिबात टिंगल नाही. कॅमेरा हळूहळू मागे सरकतो, गर्दीच्या शेवटच्या रांगेत पोचतो. तिथे नीट ऐकूच येत नाही. शांती करणाऱ्यांना धन्य म्हटलेलं मागच्यांना चीज करणारे असं ऐकू येतं. आणि लगेच एक शहाणा खुलासा करतो, की हे शब्दशः घ्यायचं नसतं, यात दुधाचे पदार्थ करणारे सगळेच आले! मला सांगा, हा विनोद येशूवर आहे की तफसीर करणाऱ्यावर?

पुढे ब्रायन पळताना त्याची एक चप्पल निसटते. मागची गर्दी थांबते. एक म्हणतो, ही खूण आहे, आपणही एक चप्पल काढू. दुसरा म्हणतो, चप्पल नव्हे, त्याने दिलेला भोपळा हीच खरी खूण. दहा मिनिटांत दोन मसलक तयार! तुम्ही हसताय. मीही खूप हसलो होतो. मग आठवलं, आमच्या मोहल्ल्यात नमाजमध्ये आमीन मोठ्याने म्हणायचं की मनात, यावरून दोन मशिदी झाल्या होत्या. हसू तोंडातच राहिलं.

आणि एक प्रसंग तर थेट ईशनिंदेवर आहे. एका म्हाताऱ्याला देवाचं नाव उच्चारल्याबद्दल दगडांनी मारायची शिक्षा झालेली असते. शिक्षा अंमलात आणणारा अधिकारी नियम समजावता समजावता स्वतःच ते नाव उच्चारतो. शेवटी दगड त्याच्यावरच पडतात. मोठमोठ्या पुस्तकांतून जे कळायला वेळ लागतो ते तीन मिनिटांत कळतं. दगड एकदा हातात आला की तो कुणावर जाईल ते सांगता येत नाही.

या सिनेमावर आयर्लंडमध्ये बंदी आली, नॉर्वेत आली. ब्रिटनमधल्या कितीतरी नगरपालिकांनी बंदी घातली. काही ठिकाणी तर गावात थिएटरच नव्हतं! नोव्हेंबर १९७९ मध्ये बीबीसीवर गाजलेली चर्चा झाली. एका बाजूला मॉन्टी पायथनचे जॉन क्लीझ आणि मायकेल पेलिन, दुसऱ्या बाजूला पत्रकार माल्कम मगरिज आणि सदर्कचे बिशप मर्विन स्टॉकवुड. बिशपनी या मंडळींना जवळजवळ यहूदाच्या रांगेत बसवलं, चांदीच्या नाण्यांचा टोमणा मारला. नंतर समजलं की हे दोघे सिनेमाच्या खेळाला उशिरा पोचले होते आणि सुरुवातीचा भाग त्यांचा हुकला होता. येशू वेगळा आणि ब्रायन वेगळा, हे जिथे दाखवलंय तो भाग.

आता उलटा काटा बघा. २०१४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात याच सिनेमावर बायबलच्या अभ्यासकांनी परिषद भरवली. येशूच्या काळातला समाज समजून घ्यायला हा सिनेमा किती उपयोगी पडतो, यावर निबंध वाचले. पस्तीस वर्षांत चर्च बुडालं नाही, येशूही लहान झाला नाही.

इथे थांबून एक गोष्ट मान्य करू. दुखतं, ते खरं असतं. १९७९ मध्ये ज्या साध्या भाविकाला वाईट वाटलं तो ढोंगी नव्हता. आपल्या पैगंबरांबद्दल कुणी घाण बोललं की आपल्या पोटात जे तुटतं तेही खरं आहे. "एवढं काय मनावर घेता?" असं मी कुणालाही सांगणार नाही. मॅडमना मीही तसं सांगू शकलो नाही. प्रश्न दुखण्याचा नाही. दुखल्यावर पुढे काय करायचं, त्याचा आहे.

आता आपल्या घरात येऊ. २४ फेब्रुवारी १९८९. 'सॅटॅनिक व्हर्सेस'च्या निषेधाचा मोर्चा मुंबईत निघाला. ब्रिटिश वकिलातीवर जायचं होतं. वाटेत पोलिसांशी चकमक, गोळीबार, आणि १२ जणांचा जीव गेला. हे पुस्तक भारतात आणायला ऑक्टोबर १९८८ मध्येच बंदी झालेली होती. मुंबईच्या बाजारात ते मिळतही नव्हतं. बंदीची मागणी आधीच पूर्ण झालेली असताना ती माणसं मेली. त्यांच्या घरी नंतर कोण गेलं?  आज कुणाला त्यांची नावं तरी आठवतात का?

आणि कायदा म्हणाल, तर चिठ्ठीवाल्या मित्रा, तो कायदा आपल्याकडे आहे. कसा आला ते ऐक. १९२४ मध्ये लाहोरला पैगंबरांवर एक अत्यंत हीन पुस्तिका निघाली. प्रकाशक राजपाल. लाहोर हायकोर्टाने १९२७ मध्ये त्याला सोडलं, कारण तेव्हाच्या कलमात असा गुन्हा बसत नव्हता. मुसलमान रस्त्यावर आले आणि त्याच वर्षी इंग्रज सरकारने भारतीय दंड संहितेत २९५ अ हे कलम घातलं. म्हणजे हा कायदा आपल्याच संतापातून जन्माला आला. त्याने राजपालचा खून तरी थांबला का? नाही. १९२९ मध्ये तो झालाच. आज नव्या न्याय संहितेत तेच कलम २९९ म्हणून आहे. दखलपात्र, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

मग त्याचा वापर कुणावर झाला? दोन उदाहरणं देतो.

मार्च २०१२. विलेपार्ले, इर्ला इथल्या वेलंकनी मातेच्या चर्चजवळ क्रुसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक चमत्कार म्हणून बाटल्या भरू लागले. सनल इडमरुकू हे विवेकवादी कार्यकर्ते तिथे गेले. त्यांनी दाखवलं की तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीतून वर चढतंय आणि तिथून झिरपतंय. दिव्याची वात तेल वर ओढते ना, तसं. टीव्हीवर वाद झाला. काही कॅथलिक लोकांनी २९५ अ खाली तक्रारी केल्या. अटक टाळण्यासाठी इडमरुकू फिनलंडला गेले ते गेलेच. आता विचार करा, लोक गटाराचं पाणी तीर्थ म्हणून पीत होते. त्यांच्या जिवाची काळजी कुणी केली, सांगणाऱ्याने की तक्रार करणाऱ्याने?

दुसरं तुम्हाला पाठ आहे. १ जानेवारी २०२१, इंदूर. मुनव्वर फारुकी. कार्यक्रम जेमतेम सुरू होत होता. ज्या विनोदांबद्दल तक्रार होती ते त्याने त्या संध्याकाळी केलेच नव्हते, असं प्रेक्षक सांगत होते. तरी महिनाभर तुरुंग. जामीन सुप्रीम कोर्टातून मिळाला. कलम कोणतं? २९५ अ. आपण ज्याची मागणी केली, तेच.

बघा, कलमात शब्द चांगले आहेत. जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान, असं लिहिलंय. पण हेतू ठरतो खटल्याच्या शेवटी. अटक होते सुरुवातीला. आणि ज्याच्याकडे संख्या आहे, ओळखी आहेत, ज्याच्या एका फोनवर ठाणेदार उठून उभा राहतो, त्याचं दुखणं लवकर नोंदवलं जातं. आपण कमी संख्येचे आहोत. कडक कायदा करून आपण कुणाच्या हातात काठी देतोय?

कुणी म्हणेल, आपली संख्या जास्त असती तर? तर पाकिस्तानकडे बघा. २००९ मध्ये पंजाबातल्या शेतात काम करणारी आसिया बीबी, ख्रिस्ती मजूर बाई. पाण्याच्या भांड्यावरून बायांमध्ये भांडण झालं, त्यातून धर्मावर शब्द आले. तिला फाशीची शिक्षा झाली. तिची बाजू घेणारे गव्हर्नर सलमान तासीर यांना जानेवारी २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने मारलं. दोन महिन्यांनी ख्रिस्ती मंत्री शहबाज भट्टी यांचा खून झाला. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिला निर्दोष सोडलं. तोवर तिची आठ वर्षं फाशीच्या छायेत गेली. एडिंबऱ्यात मुहंमदांना वरचढ म्हटल्याचा आरोप असलेला पोरगा आणि पाकिस्तानात आपल्या येशूची बाजू घेणारी मजूर बाई. तीनशे वर्षांचं अंतर आहे, धर्म उलटे आहेत, यंत्र तेच.

आणि आणखी एक आठवण. ख्रिस्ती शुभवर्तमानांप्रमाणे येशूवर धर्मसभेत कोणता आरोप ठेवला होता? ईशनिंदेचाच. मुख्य याजकाने आपले कपडे फाडले, असं तिथे लिहिलंय. ज्यांच्या नावाने पुढे शतकानुशतके ईशनिंदेचे खटले चालले, त्यांच्यावरचा खटलाच ईशनिंदेचा. आपल्या पैगंबरांनाही मक्केतल्या लोकांनी हेच म्हटलं, बापजाद्यांच्या देवांची निंदा करतो. प्रत्येक नवा विचार आधी कुणाच्या तरी देवाचा अपमानच असतो.

मग दुखल्यावर करायचं काय? मी आलिम नाही, पण दोन जागा दाखवतो, घरी जाऊन वाचा. सूरह निसामधल्या १४० व्या आयतीचा आशय असा, की आयतींची टर उडवली जात असेल तर त्या बैठकीत बसू नका, दुसरा विषय सुरू होईपर्यंत. बघा, उठून जा म्हटलंय. विषय बदलला की परत बसायला वाव ठेवलाय. सूरह अनआमच्या १०८ व्या आयतीचा आशय, की लोक ज्यांना पुकारतात त्यांना शिव्या देऊ नका, नाहीतर तेही अज्ञानाने अल्लाहला देतील. ही आपली जबाबदारी आहे, कायदा नसला तरी. मी स्टाफरूममध्ये ती मोडली होती.

विनोद करू नका असं मी म्हणत नाही. मुल्ला नसरुद्दीनच्या गोष्टींवर आपल्या आज्या पोट धरून हसल्या आणि पाच वेळा नमाजही पढल्या. आपल्या घरातल्या ढोंगावर, मौलवीच्या लोभावर, स्वतःच्या आळसावर खुशाल हसा. शेजाऱ्याच्या श्रद्धेवर बोलायचं असेल तर अभ्यास करून, समोर बसून, त्याच्या नजरेला नजर देऊन बोला. आणि कुणी आपल्यावर हसलं, तर आधी ते स्वतः बघा. फॉरवर्ड आलेल्या तीस सेकंदांच्या तुकड्यावर मोर्चा काढू नका. त्या बिशपना सुरुवात चुकली होती, आपल्याला बहुधा सगळंच चुकलेलं असतं. बघून दुखलं तर लिहा, व्हिडिओ करा, निषेध सभा घ्या, बहिष्कार घाला. हे सगळे हक्क संविधानाने दिलेत. कुणी आपल्याला मारा, यांच्या वस्त्या पेटवा असं चिथावत असेल तर जरूर पोलिसांत जा. ती टिंगल नव्हे, ती हिंसेची तयारी आहे. या दोन्हींत फरक करायला शिका. आपली ताकद दुसऱ्या कामासाठी राखून ठेवा.

मॅडम पुढे चार वर्षं माझ्याबरोबर होत्या. दर नाताळला केक यायचा, दर ईदला शीरखुर्मा त्यांच्या घरी जायचा. त्रैक्यावर आमचं कधीच एकमत झालं नाही. एकदा त्यांनी मला तासभर बसवून ते समजावलं. मला पटलं नाही, पण ते बेरजेचं गणित नाही एवढं कळलं. मग मी त्यांना तौहीद समजावली. त्यांनाही पटली नाही. निघताना त्या म्हणाल्या, "सर, आज आपण दोघांनी मिळून किती गुन्हे केले?" तेव्हा मात्र आम्ही दोघंही हसलो.

चिठ्ठी पाठवणाऱ्या मित्रा, किंवा मैत्रिणी, तो कडक कायदा आला तर आत जाणाऱ्यांच्या रांगेत पहिले आपणच असू. आपला कलिमाच पुरेसा आहे त्यासाठी.

माझं चुकलं असेल तर उठून सांगा. चहानंतर प्रश्न घेऊ.